दीपगृहावरचे एकशे अठरा आक्षेप

गुरुवार, २ सप्टेंबर १९७१
आज घरात आले: भाड्याचा टेलिव्हिजन एक, मागे नाणी टाकायची पेटी, दहा पेन्समध्ये दोन तास. बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून कागदी बांधणीची पुस्तके सात, पस्तीस पेन्स. मटण, मानेकडचे, वजन दोन पौंड, बावीस पेन्सला. यातले मटण तेवढे मी आणले. बाकी सारे क्लिफर्डचे प्रताप.
एकोणतीस वर्षे संसार केला या माणसाशी. डेपोत बसून बसगाड्यांच्या वेळा लिहितो आणि घरी आला की सन पंचवीसशेमध्ये राहायला जातो. सातही पुस्तकांवर एकतर रॉकेट, नाहीतर अपुऱ्या कपड्यांची बाई. एकावर दोन्ही. तिकडे थंडी नसते का, विचारले. म्हणाला, हिल्डा, वाचून बघ. मी मॅट्रिक झाले आहे, म्हटले, असले वाचायला नाही.
निश्चय: नाताळच्या आत ते खोकेही जाईल आणि ही पुस्तकेही.

शनिवार, ४ सप्टेंबर
देवाने बुद्धी दिली. गरम पाण्याची शेगडी पेटवायला मी रोज जुन्या वर्तमानपत्राचे पीळ करते. आज ढिगातले सगळ्यात खालचे पुस्तक काढले. आधी कव्हर फाडून जाळले, म्हणजे पुन्हा नजरेस पडायला नको. पुस्तकाचे नावही पाहिले नाही. मग शेवटाकडून सुरुवात केली, कारण असले लेखक पापे शेवटासाठी राखून ठेवतात. रोज दोन पाने, म्हणजे चार पृष्ठे. कागद उत्तम पेटतो. उरलेले पुस्तक कोळशाच्या बादलीमागे ठेवते. क्लिफर्ड ढीग वरून वाचत येतो, खालपर्यंत पोचायला नाताळ उजाडेल.
रविवारी मात्र वर्तमानपत्रच. प्रभूच्या दिवशी असले पान माझ्या घरात पेटणार नाही.

बुधवार, ८ सप्टेंबर
क्लिफर्डची मालिका सुरू झाली. ‘दीपगृह क्रमांक चार’. आठ भाग. पूर्ण पाहिली, कारण शत्रू माहीत नसताना लढायचे कसे? आक्षेप वहीत लिहून घेतले.
आक्षेप १: एकदाही प्रार्थना नाही.
आक्षेप २: डॉक्टर वेरा केल नावाची बाई आकाशातल्या दीपगृहात एकटी राहते, तिला न्यायला येणारे जहाज तीन वर्षे आलेले नाही, आणि तरी तिच्या झग्याला कोपरावर ठिगळ नाही.
आक्षेप ३: चहा गोळीतून.
आक्षेप ९: तळघरात काहीतरी आहे. त्याला तोंड नाही. वेरा झोपली की ते तिची मोडलेली यंत्रे दुरुस्त करून ठेवते. हे काय आहे, हे सांगितलेले नाही. प्रेक्षकांना असे टांगून ठेवणे ही अप्रामाणिकता.
एकूण चौदा. क्लिफर्ड म्हणाला, जरा सरक, मला दिसत नाही. खुर्ची मी पुढे घेतली होती ती नजर अधू आहे म्हणून.

गुरुवार, ९ सप्टेंबर
चॅपलमधले महिला मंडळ. हजर सात, त्यांतल्या मिसेस पिकल्स नेहमीप्रमाणे डुलक्या घेत होत्या. मिशनच्या कामाची माहिती संपल्यावर मी उठून आक्षेप वाचले. मिसेस पिकल्स जाग्या झाल्या! नवव्या आक्षेपाला मिस डकवर्थ (वय एक्क्याऐंशी, घरी टेलिव्हिजन नाही, चॅपलचा ऑर्गन तेहेतीस वर्षे वाजवला) पुढे वाकून म्हणाल्या, “आणि मग?”
म्हटले, मग काय, पुढच्या बुधवारी.
सत्याची भूक लोकांना असते. वाढणारे कोणी नव्हते.

गुरुवार, १६ सप्टेंबर
हजर तेरा. एकवीस आक्षेप वाचले. मिसेस पिकल्सच्या घरी बुधवारी नवरा कुस्ती लावून बसतो. त्या म्हणाल्या, “अहो, तो तळघरातला वर आला तेव्हा ती किंचाळली की नाही, ते नाही सांगितलंत.” सांगितले. आक्षेप १९ आहे तो: किंचाळली नाही, त्याला स्वतःची घोंगडी दिली. अनोळखी परपुरुषाला, पुरुष असेल तर.
मिस डकवर्थ डोळे पुसत होत्या. पडसे असावे.

गुरुवार, २३ सप्टेंबर
हजर एकवीस, खुर्च्या कमी पडल्या. पाद्रीसाहेब दारातून डोकावून म्हणाले, मिसेस ऑर्मरॉड, एवढ्या बायका मी सुगीच्या प्रार्थनेलाही पाहिल्या नाहीत. मी नम्रपणे खाली पाहिले.
आज एकच तक्रार आली. मिसेस पिकल्स म्हणाल्या, “आक्षेपांचे आकडे नका वाचू बाई, मध्येच लिंक तुटते.” म्हटले, आकड्यांशिवाय आक्षेप म्हणजे नुसती गोष्ट. त्यांच्यासारख्यांना फरक कळत नाही.

बुधवार, २९ सप्टेंबर
भाग चार. वेरा बाहेरच्या दारापाशी गेली, दारावर तीन ठोके पडले आणि टेलिव्हिजन विझला. पेटीतले दहा पेन्स संपले! क्लिफर्डच्या खिशात सुट्टे नाहीत. असा कसा हा माणूस? समोर मिशनच्या वर्गणीची डबी होती, तिच्यातून एक नाणे घेतले. उद्या परत टाकीन. आक्षेप अर्धवट राहिला असता तर देवालाही ते आवडले नसते.
ठोके वाऱ्याचे निघाले. आक्षेप ६७: तिथे वारा नसतो. हे क्लिफर्ड म्हणाला. पहिल्यांदाच उपयोगी पडला.

गुरुवार, ३० सप्टेंबर
आता हातावर हात ठेवून बसायचे नाही. मालिका ताबडतोब बंद करावी असा अर्ज लिहून मंडळात आणला. चहाचे भांडे मी धरून ठेवले आणि म्हटले, आधी सह्या, मग चहा, मग आक्षेप. सगळ्यांनी सह्या केल्या, चौतीस. मिसेस पिकल्स म्हणाल्या, “असल्या अर्जांनी कधी काही झालंय? द्या ते पेन इकडे, आणि पुढे वाचा लवकर, माझी बस चुकेल.” मिस डकवर्थनी पेन हातात घेऊन विचारले, “याने खरंच थांबवणार नाहीत ना?” म्हटले, धर्माच्या बाजूने उभे राहा, परिणाम देवावर सोडा. सही केली बिचारीने.
क्लिफर्ड घरी म्हणाला, “तुला ही मालिका आवडते, हिल्डा.” दोन तास बोलले नाही त्याच्याशी.

गुरुवार, ७ ऑक्टोबर
हजर एकोणतीस. शेजारच्या चॅपलच्याही दोघी. आक्षेप ८१ ते ९९. तळघरातल्याचे नाव वेराने ‘टॉम’ ठेवले. मी लिहिले होते, ठेवू नये. मंडळाने हात वर करून ठरवले की ठेवावे. शिस्त सैल होते आहे.

बुधवार, १३ ऑक्टोबर
भाग सहा. जहाज आले!! दिव्याच्या उजेडात दिसले. पण त्यात जागा एकाचीच, आणि टॉमला मागे ठेवले तर दिवा विझल्यावर तो गारठून मरणार. वेरा दारात उभी. तिथेच संपवले. आक्षेप ११८: हे माणुसकीला धरून नाही. रागाने झोप लागली नाही.

गुरुवार, १४ ऑक्टोबर
बायका रडल्या. मिस डकवर्थ मंगळवारी, सव्वीस तारखेला, हॉस्पिटलात जाणार, पोटाचे ऑपरेशन. म्हणाल्या, “आठवा भाग सत्तावीसला आहे ना? तेवढा चुकणार माझा. तुम्ही वही घेऊन याल का तिकडे?” म्हटले, येईन. मग हळूच म्हणाल्या, “या वयातलं ऑपरेशन, मिसेस ऑर्मरॉड. जाण्याआधी कळलं असतं तर बरं झालं असतं.”

सोमवार, १८ ऑक्टोबर
टेलिव्हिजनवाल्यांचे पत्र. आपल्यासारख्या सुजाण प्रेक्षकांच्या भावना लक्षात घेऊन उरलेले दोन भाग दाखवले जाणार नाहीत. त्याऐवजी गुलाबांची छाटणी.
विजय. प्रभूची कृपा. वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले.
मग तासभर पायरीवर बसले. शेगडी विझली होती, तिकडे लक्ष गेले नाही.

मंगळवार, १९ ऑक्टोबर
बातमी गावभर झाली. मिसेस पिकल्स खाटकाच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आल्या बघा! यांच्यामुळे ती बाई तिकडे दारात उभी राहिलीय, आणि आपण पण.” म्हटले, सही तुमचीही आहे. म्हणाल्या, “सही चहासाठी केली होती!” खाटकाने मला चरबीच जास्त दिली.

बुधवार, २० ऑक्टोबर
गुलाबांची छाटणी पाहिली. छाटणी चुकीची करत होते.
क्लिफर्ड शांतपणे म्हणाला, एवढी काय रडतेस? (रडत नव्हते.) मालिका पुस्तकावरूनच केली आहे, पुस्तक माझ्याकडे आहे. मालिका संपल्याशिवाय उघडायचे नाही म्हणून ढिगात सगळ्यात खाली ठेवले होते. उद्या अर्धी रजा काढतो आणि तुमच्या मंडळात शेवट वाचून दाखवतो.
असा नवरा मिळायला पुण्य लागते. लगेच कोट घालून निघाले. मिसेस पिकल्सच्या दारात मुद्दाम दोनदा बेल वाजवली. मिस डकवर्थनी माझा हात धरून ठेवला, सोडेनात.
घरी येताना कुठेतरी काहीतरी बोचत होते. बुटात खडा असेल.

गुरुवार, २१ ऑक्टोबर
सकाळी सवयीने दोन पाने पिळून शेगडी पेटवली.
दुपारी दीडला क्लिफर्ड ढिगाशी बसून म्हणाला, “सहाच आहेत.”
मी स्वयंपाकघरात गेले. बादलीमागून ते बिनकव्हरचे पुस्तक काढले आणि पहिल्यांदाच पहिले पान वाचले. “डॉक्टर वेरा केलने दिव्याची काच पुसली.” दोनशे छप्पन्न पृष्ठांतली उरली ब्याण्णव.
क्लिफर्डला दाखवले. त्याने टोपी घातली, ते उरलेले पुस्तक खिशात घातले आणि माझ्याबरोबर चॅपलला आला. एकतीस बायका. त्याने उभे राहून फक्त शेवटचे उरलेले पान वाचले: “वेराने खाली वाकून पाहिले. अंधारात काहीतरी हलले, आणि ती म्हणाली,”
मिस डकवर्थ म्हणाल्या, “आणि मग?”
क्लिफर्डने माझ्याकडे पाहिले. मग सगळ्यांनीच पाहिले. सांगावे लागले. शेगडी, पीळ, रोज दोन पाने, रविवार सोडून. रविवारचा मुद्दा कोणी लक्षात घेतला नाही.
मिसेस पिकल्स उठल्या. “अर्जाने टेलिव्हिजन बंद केला, शेगडीत पुस्तक घातलं. आता त्या लेखकाच्या घरचा पत्ताही शोधताय का, मिसेस ऑर्मरॉड?”
चहाला कोणी थांबले नाही. भांडे भरलेले तसेच. मिस डकवर्थना घरापर्यंत पोचवले. दारात एवढेच म्हणाल्या, “घोंगडी दिली होती तिने त्याला. तेवढं तरी आपल्याला माहीत आहे.”

शुक्रवार, २२ ऑक्टोबर
पहिल्या टपालाने पाठवलेल्या पत्राची नक्कल, हिशेबाला असावी म्हणून:

प्रकाशक महाशयांस,
आपल्या ‘दीपगृह क्रमांक चार’ या पुस्तकावर माझे एकशे अठरा आक्षेप आहेत. ते सवडीने पाठवीन. तूर्त काम एवढेच, की माझ्या प्रतीतली पृष्ठ ब्याण्णवनंतरची पाने घरगुती कारणाने नष्ट झाली आहेत. आक्षेप पुरे करण्यासाठी शेवट कळणे जरूर आहे. मला स्वतःला त्यात काडीचा रस नाही.
वेरा जहाजात चढली की नाही? टॉमचे काय झाले? लेखक महाशयांना विचारण्यास हरकत नसावी, त्यांना माहीत असेलच. शेवट वाईट असेल तरी तसाच लिहावा, गोड करू नये. आमच्यात एक वयस्क बाई आहेत, त्यांना खोटे सांगितलेले लगेच कळते. त्यांना मंगळवारी सकाळी आठला हॉस्पिटलात न्यायचे आहे, आणि सोमवारच्या टपालाने उत्तर आले नाही, तर मला त्यांना तोंड दाखवता येणार नाही.
तिकीट लावलेला लिफाफा सोबत आहे. चार ओळी पुरेत. कृपा करून उलट टपाली कळवावे.
आपली,
मिसेस एच. ऑर्मरॉड