आत्याबाईंचा श्वास

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. गेल्या आठवड्यात गाडीखाली शिरले होते, तेव्हापासून सरळ होता येत नाही. या नमस्कारात नेहमीपेक्षा जास्त आदर दिसला, तर तो कमरेचा समजावा.) तुझी झोप कशी आहे? रक्तदाबाची गोळी घेतेस ना, की कॅलेंडरवर खूण करून गोळी डबीतच ठेवतेस? भावोजींना नमस्कार सांग. त्यांच्या पुढच्या दाताची कॅप पुन्हा निघाली असेल, तर कृपा करून घरच्या डिंकाने चिकटवू देऊ नकोस. तीस वर्षं लोकांचे दात काढतेय, पण मागच्या खेपेला ती कॅप काढताना मलाच घाम फुटला होता.

तर बातमी अशी, की आत्याबाई चालल्या. (‘गेल्या’ नव्हे, ‘चालल्या’. नीट वाच. तू पत्र घाईत वाचतेस आणि मग फोनवर रडतेस.)

आत्याबाई म्हणजे ह्यांची ती सत्तावन्न सालची अमेरिकन गाडी. तू फोटोत पाहिली आहेस, पण फोटोत ती मावलेली नव्हती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर हे वर्षभर खिडकीशी बसून होते. दिवसाला चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन पेपरवाल्याशी. मग एक दिवस बंद पडलेल्या सिनेमाघराच्या मागच्या अंगणातून ही साडेअठरा फुटांची बाई ट्रकवर घालून घरी आली. आत कोंबड्या राहत होत्या, त्या उतरायला तयार नव्हत्या. अंगाने भरलेली, आली ती मुक्कामालाच, आणि आल्याबरोबर घरातल्या प्रत्येकाला जागेवरून उठवलं, म्हणून मी नाव ठेवलं आत्याबाई. पण त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला हे सलग पाऊण तास बोलले. सगळं गिअरबॉक्सविषयी. मी माना डोलावत राहिले, कारण वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

पुढची चार वर्षं आम्ही घरात कमी आणि गाडीत जास्त राहिलो, कारण गाडीच घरात राहायला आली होती. इंजिन जेवणाच्या खोलीत. चारही दारं बोळात भिंतीला टेकवलेली, त्यामुळे न्हाणीघरात जायचं तर आधी गाडीचं दार सरकवावं लागे. बंपर आमच्या पलंगाखाली. (थंडीत पाय खाली लोंबला तर त्या क्रोमचा असा चटका बसायचा, की गजराच्या घड्याळाची गरज उरली नाही.) हे सगळं मी सोसलं. पण कार्बुरेटर जेव्हा माझ्या दूध तापवायच्या पातेल्यात उकळला गेला, आणि दात चमकवायचे माझे छोटे ब्रश बोनेटवरची अक्षरं चमकवण्यात झिजून संपले, तेव्हा मी ह्यांच्या पाठीमागे भंगारवाल्याला फोन केला. ताई, हे पाप मी केलं, आणि तुलाच पहिल्यांदा सांगतेय. तो म्हणाला, महिनाभराने मोठा ट्रक मोकळा होईल, तेव्हा येतो.

त्या महिन्यातच गाडी जोडून झाली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, खिडकीच्या काचा थरथरल्या, ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चार मिनिटांनी इंजिन बंद पडलं. थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू केलं, पुन्हा चार मिनिटं. तीन आठवडे हेच. ह्यांनी पेट्रोलचा पंप बदलला, गाळणी बदलली, कॉइल बदलली, बिचारा कार्बुरेटर पाच वेळा उघडला. शेजारचे निवृत्त न्यायाधीश रोज कठड्यावर हात ठेवून निकाल द्यायचे, की या वयात असं व्हायचंच. (आत्याबाईंच्या, की ह्यांच्या, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.) शेवटी एका सकाळी ह्यांनी गॅरेजला कुलूप घातलं, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि खिडकीशी जाऊन बसले. त्या दिवशी वाक्यं चारही नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन.

आणि तिसऱ्या दिवशी दारात भंगारवाल्याचा ट्रक.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी सारवासारव करायला तोंड उघडणार, तोच ह्यांनी खिडकीतून मान न वळवता सांगितलं, "घेऊन जा." कोणी बोलावलं, का आला, एक प्रश्न नाही. ताई, ह्यांनी भांडण केलं असतं तर मी गाडी देऊन टाकली असती. पण ते दोन शब्द ऐकले आणि मी गॅरेजची किल्ली कमरेला खोचली. मी भंगारवाल्याला म्हटलं, अर्धा तास बसा. दवाखान्याचा कोट चढवला, कपाळाला दिवा बांधला, हत्यारांचा ट्रे घेतला आणि गॅरेज उघडलं.

माझ्या धंद्यात एक गोष्ट मी शिकले आहे. रोगी बोट दाखवतो त्या दाताला बहुतेक वेळा काही झालेलं नसतं. सगळे तीन आठवडे पुढे इंजिनाला बोटं दाखवत होते, म्हणून मी मागे गेले. भंगारवाल्याला सांगितलं, किल्ली फिरवा. (तो आधी चपला काढून आत बसला. त्या माणसाविषयी माझं मत तिथेच बदललं.) चार मिनिटं झाली, इंजिन मेलं. मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि आतून असा लांब सुस्कारा ऐकू आला, की मी दचकून "काय झालं?" असं विचारून बसले. बाहेरची हवा टाकीत शिरत होती. पुन्हा किल्ली फिरवली. झाकण उघडं असताना दहा मिनिटं झाली, वीस झाली, इंजिन चालूच. म्हणजे पेट्रोल होतं, पण टाकीला हवाच मिळत नव्हती. हवा आत जायची एक बारीक नळी असते. गाडीखाली शिरून तिच्या तोंडाशी माझा छोटा आरसा धरला, तर आत कुंभारमाशीने घट्ट मातीचं घर बांधलेलं! इंजिन बंद करायला लावलं, आणि सुईने कण कण काढत पंचवीस मिनिटं मी आयुष्यातलं सर्वांत शांत रूट कॅनॉल केलं. रोगी एकदाही ओरडला नाही.

बाहेर सरकून मान वर केली तर हे अनवाणी दारात उभे. किती वेळ, देव जाणे.

"हवा?" त्यांनी विचारलं.

"हवा," मी म्हटलं.

मग झाकण बंद करून, इंजिन पुन्हा सुरू करून आम्ही तिघं घड्याळ बघत उभे राहिलो. पाचव्या मिनिटाला हे माझा हात धरून होते. पंधराव्या मिनिटाला भंगारवाला डोळे पुसत होता (धूरही होता, पण तो पुसत होता त्यापेक्षा कमी).

पुढचं ऐक. रिकामा ट्रक वळवताना त्याचं मागचं चाक पाइपलाइनसाठी खणलेल्या चरात गेलं. आठ माणसांनी ढकलून पाहिलं. शेवटी साखळी बांधली, आणि जिला भंगारात न्यायला तो आला होता, तिनेच त्याला ओढून बाहेर काढलं. गाडी मी चालवत होते. न्यायाधीशांनी कठड्यावरचे हात काढून टाळ्या वाजवल्या. अपील कोणी केलं नाही. मग आम्ही बाजारातून एक फेरी मारली. हे शेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत होते आणि इतकं बोलत होते, की माझं एका चौकात वळायचं राहून गेलं.

कळावे, लोभ आहेच, वंगणाचे डाग पडलेत तेवढे पोटात घाल.

तुझीच,
धाकटी

ता. क. वर तुझ्या गुडघ्याची चौकशी मुद्दाम केली नाही, कारण पत्र त्याच्यासाठीच लिहिलं आहे. ऑपरेशनला दीड वर्ष झालं, पाय दुमडून कुठल्याच गाडीत बसवत नाही म्हणून तू उंबरठा ओलांडलेला नाहीस, आणि फोनवर मात्र "मला कुठे जायचंय" म्हणतेस. ताई, आत्याबाईंची मागची सीट मी मोजली. तुझ्या पलंगाहून चार बोटं जास्त आहे. पाय लांब करून, उशी घेऊन, महाराणीसारखी ये. रविवारी आम्ही तुला न्यायला येतोय. महिनाभर राहायचं, नाही म्हणायचं नाही.

ता. क. २. तुमची पुढची आणि मागची, दोन्ही फाटकं सताड उघडी ठेव. आत्याबाईंना अजून मागे जाता येत नाही. ब्रेक आहेत, लागतातही, फक्त त्यांना जरा आधी कळवावं लागतं. पहिल्या खेपेला अंगणातून सरळ पलीकडे निघून गेलो तर घाबरू नकोस; वळसा घालून पुन्हा येऊ. तू तयार होऊन पायरीवर बस.