डॉक्टरांनी विचारलं तेव्हा

३ नोव्हेंबर १९९८

हिरामण पुन्हा त्या आवाजांशी बोलायला लागला. पाड्यावरची भागीबाई निरोप घेऊन थेट होस्टेलच्या दारात! "तुझा भाऊ दिसभर कुडाशी भांडतोय. आईनं बलवलंय, लवकर चल." नर्सिंगच्या सगळ्या पोरी टकामका बघत होत्या. "कोण गं?" "गावाकडची." एवढंच म्हणाले. माझी सख्खी चुलती लागते ती. लाज वाटली मला तिची, आणि आता माझी वाटतेय.

५ नोव्हेंबर

पेठच्या गाडीने घरी आले. हिरामणने मला ओळखलं, हसला, आणि परत कुडाच्या भिंतीकडे तोंड करून बसला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आश्रमशाळेत जाताना ओहोळ भरला की मला खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायचा. स्वतः तिसरीत शाळा सोडली.

आईने गेणू भगताला बोलावलं होतं. सुपात तांदळाचे दाणे टाकून बघणं चाललेलं. मी शहाणी, कोपऱ्यात नाक मुरडत बसले. पण म्हातारा अर्धा दिवस बसला! काय खातो, झोपतो का, कोणाशी बिनसलं, सगळं विचारलं. आईनेही त्याला सगळं सांगितलं. भात लावणीच्या वेळी एकदा आणि पोळ्याला एकदा, दोनदा हा जीव द्यायला गेला होता, तेसुद्धा. मला पोळ्याचं माहीतच नव्हतं. अभ्यास मोडेल म्हणून कळवलं नाही म्हणे.

उठताना गेणूबाबा म्हणाला, "देवाचं मी बघतो. पन ह्याला येकटं सोडू नका. अन् डागदरकडं बी न्या."

१० नोव्हेंबर

आज दवाखाना. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पहाटेची गाडी, शहरात पेठ नाक्यावर उतरलो, तिथून रिक्षा. मानसोपचार विभाग आठवड्यातून दोनच दिवस. रांग जिन्यापर्यंत. आमच्या बोलीचं एक माणूस दिसलं नाही — ना रांगेत, ना टेबलामागे. आमच्याकडे वेडे होत नाहीत असं थोडंच आहे! एवढ्या लांब येतो कोण?

आमच्या आधी एका बाईला दाखल करून घेतलं. सिस्टर तिच्या नवऱ्याला सांगत होत्या, "घरचं माणूस चोवीस तास जवळ पाहिजे. निदान तीन आठवडे." ते मी ऐकलं. तिथेच माझं डोकं फिरलं. आईने मुकादमाला शब्द दिलाय, ती द्राक्षाच्या बागेवर मजुरीला जाणार. बाप नाही. मग राहणार कोण? मी! आणि माझी परीक्षा तेवीसला. आमच्या पाड्यावरून इथवर आलेली मी पहिली. ही बुडाली तर वर्ष गेलं, वर्ष गेलं की होस्टेल गेलं.

डॉक्टर माणूस चांगला. घाईत, पण चांगला. हिरामणशी शुद्ध मराठीत बोलले, तो नुसता हसला. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्हीच सांगा. याने आधी कधी जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता?"

मी म्हणाले, "नाही."

त्यांनी परत विचारलं, "नक्की? तसं असेल तर आजच दाखल करू."

"नाही, सर."

आई शेजारीच बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन, डोळे फरशीवर. तिला शहरातलं बोलणं कुठलं समजायला! बाहेर येऊन मी तिला सांगितलं, गोळ्या दिल्यात, महिन्याने बोलावलंय, बरा होईल. ती "बरं" म्हणाली.

रांगेत एक जण म्हणाला होता की असलं काही सांगितलं तर पोलीस केस होते. दिवसभर तेच मनाला सांगतेय. खोटं आहे. पोलिसाला मी भ्यायलेच नव्हते.

११ नोव्हेंबर

अभ्यास होत नाही. पुस्तकात मानसिक आजारांना साडेचार पानं. पाठ आहेत.

१५ नोव्हेंबर, रविवार

दिंडोरीकडच्या बागेवर जाऊन आले. आई बाकीच्या बायांबरोबर द्राक्षाच्या विरळणीला. हिरामण बांधावर, एकटा, पेंगत. गोळ्यांनी अंगात ताकद नाही. मुकादम मला बघून तडतडला, "ताई, गोळ्या बंद करा नायतर ह्याला घरी न्या. हा झोपला तर ह्याच्या वाट्याची येलींची लाईन कोन वढील?" आई भिऊन अर्धीच गोळी देते आहे.

मी म्हटलं, "पूर्ण दे. आणि एकटं सोडू नकोस त्याला."

"मंग बाग कोन करंल?"

दवाखान्यात असता तर त्याच्याजवळ मीच असते. तीनच्या जीपने परत फिरले, सरावाचे प्रश्न राहिले होते. निघताना हिरामण मळ्याच्या फाटकापर्यंत आला, माझी पिशवी घेऊन.

२३ नोव्हेंबर

पेपर झाला. प्रश्न चौथा, पाच मार्कांचा. "मानसिक रुग्णाच्या नातेवाइकांना कोणता सल्ला द्याल?" मी सुवाच्य अक्षरात लिहिलं — एक, रुग्णास एकटे सोडू नये. दोन, डॉक्टरांना संपूर्ण व खरी माहिती द्यावी.

लिहिताना हात थांबला नाही. कसा थांबला नाही?

२६ नोव्हेंबर

हिरामण गेला. काल दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. मळ्याच्या विहिरीत.

मी मारला.

९ डिसेंबर

दिवस घातले. गेणूबाबा शेवटपर्यंत बसून होता. मला विचारलं, "डागदरला समदं सांगितलंवतं ना गं?" मी मान डोलावली. म्हाताऱ्यालाही खोटं!

आई रडत नाही. भांडी घासते, सारवते, परत सारवते. माझ्या ताटात वाढते आणि बसून बघते, जेवतेय की नाही.

होस्टेलवर मॅडम म्हणाल्या, "तुमच्या भागात जागृती नाही गं, काय करणार!" मनात आलं की किंचाळावं. जागृती तर माझ्या ट्रंकेत आहे, दोनशे पानी पुस्तक, कव्हर घातलेलं.

२९ डिसेंबर

निकाल. पास. वर्गात दुसरी. चौथ्या प्रश्नाला पाचपैकी पाच.

३ जानेवारी १९९९

घरी गेले ते ठरवूनच. आईला सांगून टाकलं. डॉक्टरांनी काय विचारलं होतं, मी काय सांगितलं, कशासाठी सांगितलं. म्हटलं, मार मला, हाकल, काहीतरी कर.

ती मटकी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"मला समजलंवतं तवाच. वीस वरसं बागांवर गेली माझी, शेटलोकांचं समदं बोलनं कळतं मला. डागदर दोनदा इचारत व्हता. मी बी बसले गप."

निवडलेली मटकी डब्यात ओतली आणि म्हणाली,

"दोघांतलं येक मी निवडलं, रोशनी."