गुलाबी कार्डावरची तारीख

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मला काही सुचत नाही, आणि मी गप्प राहिलो की तुला काळजी लागते. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

एक ठरवलं आहे, ते आधी सांगतो. मे अखेरीस दुकान बंद करतो. जागेचा करार एकतीस मेला संपतो. तो वाढवायचा नाही असं मालकांना कळवणार आहे.

ही गेल्याला सहा महिने झाले. काउंटर आता मीच बघतो. कुणाच्या पायाचं माप घेत असतो तेवढ्यात फोन वाजतो, मग मेसेज येतात, आणि आत टाचेला लावलेला गोंद सुकून जातो. ते एक वेळ निभलं असतं. खरं कारण वेगळं आहे. आपला वायदा पहिल्यापासून वीस दिवसांचा. पूर्वीही मी दोन-तीन दिवस मागे पडायचो. ही म्हणायची, असू दे, गिऱ्हाइकाचं मी बघते. आणि बघायचीच. एकतीस वर्षांत कुणी भांडायला आलं नाही. आता तोच वायदा मी करतो आणि दर आठवड्याला कुणीतरी नाराज होऊन जातं. गेल्या सोमवारी गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांचा डावा पाय दीड इंच आखूड आहे. त्या संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम होता आणि बूट तयार नव्हते. जुनेच घालून गेल्या.

ताई, माझे हात गेले. पायांना त्रास असणाऱ्या माणसाला ताटकळत उभं करायचं हे काही मला जमत नाही. थांबलेलं बरं.

जेवण वेळेवर घेतो. लोभ आहे तसाच असू दे.

तुझा
धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून वाईट वाटलं, आणि मग रागच जास्त आला. साठीच्या आत हात जायला तू काय पहिलवान आहेस?

आता माझं ऐक. दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर मी चौतीस वर्षं काढली हे तुला माहीत आहे. निवृत्तीनंतर सांधे आणि शेजारणी एवढंच ऐकत बसायचं नव्हतं, म्हणून वाचनालयातल्या एका वर्गाला नाव घातलं. लो-कोड म्हणतात त्याला. पडद्यावर चौकटी असतात, त्या ओढायच्या आणि बाणांनी जोडायच्या. मेसेज आला की ही चौकट, तक्रार असली की ती चौकट. पहिल्या दिवशी तिथल्या सरांनी मला विचारलं, आजी, नातवाला सोडायला आलात का? आता तेच सर अडले की मला हाक मारतात. वाचनालयाच्या उशीर झालेल्या पुस्तकांची आठवण माझीच रचना करते. त्यामुळे अर्धा मोहल्ला माझ्याशी बोलत नाही.

त्या चौकटींमध्ये एजंट बसवता येतात. एजंट म्हणजे न कंटाळणारा कारकून. काय करायचं ते साध्या भाषेत लिहून द्यायचं. एक आलेला मेसेज वाचून त्याची वर्गवारी करेल, दुसरा कार्ड भरेल, तिसरा उत्तर लिहून तुझ्यापुढे ठेवेल. तू फक्त ‘हो’ दाबायचं. हुशार आहे, पण नव्या कारकुनासारखा आगाऊही आहे, तेव्हा लक्ष ठेवावं लागतं.

तुझ्या बायकोची, आमच्या मॅनेजरबाईची, जागा तो घेईल असं मी म्हणत नाही. ती जागा तिचीच. पण फोन कुणीतरी घ्यायला हवा. मालकांना पंधरा मेपर्यंत काही कळवायचं नाही. मोठ्या बहिणीचा हुकूम समज.

आशीर्वाद भरपूर, पैकी निम्मे सक्तीचे.

ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी रचना चालू होऊन पंधरा दिवस झाले. कबूल करतो, काउंटर शांत आहे. सकाळी दुकान उघडलं की रात्रीतून आलेले मेसेज लावून ठेवलेले असतात. नवी मापं एकीकडे, दुरुस्ती एकीकडे, नुसत्या चौकशा एकीकडे. काल दिवसभरात फोन फक्त दोनदा वाजला. एकदा तुझाच होता.

पहिल्या आठवड्यातली गंमत मात्र सांगायला हवी. आपले बस कंडक्टर, चपट्या तळव्यांचे, त्यांनी विचारलं होतं की बूट झाले का. एजंटने त्यांना बारा ओळींचं उत्तर लिहिलं. त्यांच्या प्रदीर्घ विश्वासाबद्दल ऋण व्यक्त केलं, पावलांच्या आरोग्यासाठी शुभेच्छा दिल्या, आणि बूट झाले की नाही ते शेवटच्या ओळीत. मी चष्मा न लावता ‘हो’ दाबलं. दुसऱ्या दिवशी ते ड्युटी सोडून धावत आले. मला बघून हायसं वाटलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. म्हणाले, तुम्ही एवढं बोलायला लागलात म्हणजे एक तर दुकान विकलं असणार नाही तर डोक्याला मार लागला असणार. मग तू सांगितलंस तिथे मी सूचना लिहिली: तीन वाक्यांच्या वर जायचं नाही, शुभेच्छा द्यायच्या नाहीत. आता तो माझ्यासारखं लिहितो. कुणाला कळत नाही.

पण मूळ दुखणं तसंच आहे. वीस दिवसांचा वायदा मार्चमध्येही एकदाही पाळता आला नाही. आता फोनचं निमित्तही सांगता येत नाही. दिवसभर आत बसून काम करतो आणि तरी उशीर होतो. म्हणजे कारण हातच. तू मेहनत घेतलीस, त्यात कसर नव्हती. मालकांना लिहायचं पत्र तयार करून ठेवलं आहे. पंधरा मेपर्यंत धाडत नाही, शब्द दिला आहे.

तुझ्या सांध्यांना जप. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझा
धाकटा


७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हात गेले की नाही हे तू कशावरून ठरवतोस? दवाखान्यात कुणी आपलं आपण निदान करून आलं की आमचे मोठे डॉक्टर आधी जुने कागद मागायचे. तूही काढ.

तुमची जुनी कार्डं असतील ना? प्रत्येक जोडाच्या कार्डाची दोन अर्धी व्हायची, गुलाबी तुझ्याकडे आत आणि पांढरं गिऱ्हाइकाकडे, हे मला आठवतं. बूट नेताना पांढरं परत घेऊन मॅनेजरबाई खोक्यात टाकायची. फेकलं तर तिने काहीच नसणार. एका फोटोत बारा बारा कार्डं मांड आणि पाठव. दोन्ही रंगांची हवीत. अक्षर वाचायला मी एक एजंट बसवते. कुठल्या कामाला खरंच किती दिवस लागतात ते तो काढेल. मग बोलू.

तिचं अक्षर बघताना जड जाईल. रोज थोडं थोडं कर. एकटं वाटलं तर फोन लाव आणि गप्प बस, मी धरून ठेवीन.

ताई


२८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही. सकाळपासून मधूनच हसू येतं आहे. शेजारचा चावीवाला येऊन बघून गेला.

अठरा सकाळी फोटो काढले. आधी माझी गुलाबी, मग काउंटरखालच्या खोक्यांतली पांढरी. पांढरी मी आयुष्यात कधी वाचली नव्हती. ते हिचं खातं. फोटो काढतानाही वाचली नाहीत, नुसती मांडली. अक्षराकडे फार बघायचं नाही असं ठरवलं होतं.

आज सकाळी पडद्यावर एजंटचा निरोप होता. शब्द असे: “२,१४० जोडांपैकी २,०९६ जोडांच्या दोन अर्ध्यांवर तयार होण्याची तारीख वेगवेगळी आहे. पांढऱ्या कार्डावरची तारीख नेहमी नंतरची आहे. कोणती बरोबर मानू?”

मला वाटलं, फोटोंची क्रमवारी माझ्याकडून चुकली. एक खोकं काढलं आणि जोड लावून बघितले. कंडक्टरांचे पहिले बूट. गुलाबीवर सहा तारीख, पांढऱ्यावर अकरा. गाणाऱ्या बाई, नऊ आणि चौदा. टपालवाल्या काकू, सतरा आणि बावीस. सगळं हिचं अक्षर, स्वच्छ, कुठे खाडाखोड नाही. मला वीस दिवस सांगायची आणि गिऱ्हाइकाला पंचवीस.

मी आत तेविसाव्या दिवशी मान खाली घालून बूट द्यायचो. ही म्हणायची, असू दे, गिऱ्हाइकाचं मी बघते. मला वाटायचं, बिचारी माझ्यासाठी रोज लोकांच्या पाया पडते. बघायचं काय होतं? गिऱ्हाइकाच्या दृष्टीने बूट दोन दिवस आधीच तयार असायचे. म्हणून तर ते खुशीत यायचे. मी एकतीस वर्षं तिचे उपकार मानले. एकदा तर माफी मागितली होती. तीही तिने शांतपणे घेतली.

मग मी एजंटला विचारलं की मला एका जोडाला प्रत्यक्ष किती दिवस लागतात. पहिल्या पाच वर्षांची सरासरी तेवीस. मधल्या वर्षांची तेवीस. ही गेल्यानंतरची तेवीस. ताई, माझे हात होते तिथेच आहेत. मी पहिल्यापासून असाच संथ आहे. गेल्या सात महिन्यांत चूक एकच झाली, मी लोकांना माझी तारीख सांगत होतो.

फक्त एक वर्ष वेगळं निघालं, शेवटचं. त्या वर्षी दोन तारखांत पाच नाही, बारा दिवसांचा फरक आहे. तेव्हा मी हिला घेऊन आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जायचो आणि वाटायचं, काम कसंबसं निभतं आहे. ते निभत नव्हतं. ही आजारपणात काउंटरवर बसून माझ्यासाठी दिवस मागून घेत होती. मला बोलली नाही.

ते वाचून थोडा वेळ आत जाऊन बसलो. मग पुन्हा हसू आलं.

पुढे काय ते दोन दिवसांत लिहितो.

तुझा
धाकटा


२ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी जिन्यातच उघडलं आणि तिथेच पायरीवर बसून एवढी हसले की वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई पाणी घेऊन धावल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तीस वर्षं नवऱ्याला न कळता खोटं आणि तेही लेखी, अशी अशील मला एकदा तरी मिळायला हवी होती.

मला याची कल्पना नव्हती, हे शपथेवर सांगते. आता तिचं एक उत्तर कळतं. मी तिला एकदा विचारलं होतं की माझ्या भावाला कामाला लावणं जड जात नाही का. तेव्हा ती म्हणाली होती, नाही हो ताई, त्यांना घाई आवडते, फक्त ती आधी सुरू करावी लागते.

तेव्हा आता हुकूम नाही, विचारते. करार वाढवायचा ना? आणि एजंटला काय सांगू? गिऱ्हाइकाला सरळ पंचवीस दिवस सांगायचे आणि तुलाही पंचवीसच, असं स्वच्छ करून टाकता येईल. एका चौकटीचं काम आहे. चटकन कळव.

ताई


१० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल करारावर सही केली. तीन वर्षांसाठी. मालकांना द्यायचं ते पत्र फाडलं. गाणाऱ्या बाईंना निरोप पाठवून बोलावलं आणि मार्चमध्ये नेलेले बूट माझ्यासमोर पायात घालून बघायला लावले. त्या दुकानात दोनदा इकडून तिकडे चालल्या आणि चालता चालता गुणगुणायला लागल्या. उशिराबद्दल मी काही बोलणार होतो, त्यांनी बोलू दिलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं. स्वच्छ करू नकोस. मी स्वतःला ओळखतो, पंचवीस दिवस आहेत म्हटलं की मला अठ्ठावीस लागतील. हिला ते कळलं होतं.

तेव्हा असं कर. माझ्यासाठी गुलाबी कागदावर जी तारीख छापून येईल, आणि गिऱ्हाइकाला जी जाईल, त्यांत किती दिवसांचं अंतर ठेवायचं ते तू ठरव. कधी जास्त, कधी कमी ठेव, म्हणजे मला हिशेब लागणार नाही. गिऱ्हाइकाला जाणारी तारखेची ओळ मला न दाखवता जाऊ दे. बाकीच्या उत्तराला मी ‘हो’ दाबीन. मी विचारलं तरी आकडा सांगू नकोस. कंडक्टरांना सांगून ठेवलं आहे, दुकानात तारखेचा विषय काढायचा नाही. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि ते बाकावर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. आता त्यांनी ते बसमध्ये सगळ्यांना सांगितलं असणार. हरकत नाही. लोकांना ती कशी होती ते कळू दे.

सवडीने चार दिवस येऊन जा. माझ्यावर जो लोभ करतेस तो आता थोडा वाढवलास तरी चालेल, पेलेन म्हणतो.

तुझा
धाकटा

ता. क. आजच्या गुलाबी कागदावर टपालवाल्या काकूंच्या बुटांना गुरुवार दिला आहेस. खरा वार कुठला देव जाणे. मी गुरुवार धरून बसलो आहे आणि मला उशीर होतो आहे.