मान टाकणारं पिस्तूल

शुक्रवार, ता. १४

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. तू आणि लेक बऱ्या असाल असं धरून चालते.

आमच्या बँकदरोड्याचं शूटिंग रखडलंय. सिनेमा विनोदी, पण सेटवर कुणी हसत नाहीये. सगळी खोटी पिस्तुलं माझ्या ताब्यात, आणि त्यातलं एक मंगळवारपासून गायब आहे. खोटं असलं तरी दिसतं हुबेहूब, त्यामुळे मालकांच्या तोंडचं पाणी पळालंय.

माझा पहिला संशय मेकअपवाल्यावर. दोन दिवस मला बघून गोड हसत होता, आणि तो काही फुकट हसणारा माणूस नव्हे. तो जेवायला गेल्यावर मी त्याची पेटी उपसली. आत खोट्या मिशा निघाल्या, आणि माझ्या गुडघ्यासाठी आणलेलं मलम. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. मग दरोडेखोरांच्या म्होरक्यावर नजर ठेवली. तो नट आरशासमोरून पिस्तूल घेऊन हलतच नाही. पण त्याला साधं कुलूप उघडता येत नाही, तो माझी पिस्तुलांची पेटी काय उघडणार?

आज सकाळी उरलेली पिस्तुलं पुसत होते. लोखंडी वाटावीत म्हणून आम्ही त्यांना काजळी चोळतो, ती हाताला लागते. माझी बोटं काळी झाली आणि मला तुझी बाही आठवली.

मंगळवारी तू माझा डबा घेऊन आलीस. माझ्या पेटीवरच बसलीस, आणि तेव्हा तिला कुलूप नव्हतं. निघताना पिशवी पोटाशी धरून लांबूनच म्हणालीस, "येते गं ताई." मिठी मारल्याशिवाय तू कधी गेली आहेस? बाहीवर काळा पट्टा होता. मी म्हटलं, तवा लागला असेल. आणि काल फोनवर तू म्हणालीस, "आता येऊ दे त्याला दार बडवायला. मी नाही घाबरत." तुझा नवरा वेगळा राहायला लागून वर्ष झालं, पण हे वाक्य तू कधी बोलली नव्हतीस. मी घाबरले, आणि लेकीच्या शाळेचं विचारत बसले.

आता नीट ऐक. तू नेलंस ते मऊ रबराचं आहे, मुद्दाम हसवण्यासाठी केलेलं. हाताची ऊब लागली की थोड्या वेळाने त्याची नळी खाली लवते. सिनेमात दरोडेखोर "हात वर!" म्हणून ओरडतो आणि पिस्तूलच मान टाकतं. थिएटर हसेल. तुझ्या दारात तोही हसेल. हसून झाल्यावर तो काय करेल, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मालकांना सांगितलं, उन्हाने वाकडं झालं म्हणून मीच टाकून दिलं. ते खूप बोलले, मी ऐकून घेतलं. हे पत्र आमच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय, कारण फोनवर तू "काहीतरीच काय!" म्हणून ठेवून देशील. पिस्तूल त्याच्याकडे दे. पॅकअप झालं की मी कपडे घेऊन येते, राहायलाच. तोवर दार उघडू नकोस.

आल्यावर दाराशी मी उभी राहीन. मी रबराची नाही.

मलम लावलेल्या गुडघ्यासकट निघालेली,
तुझी ताई