पावणेपाच फुटांचं दार

सोमवार, ३.
दिवाणखान्याच्या भिंतीवर पाच फुटांचा टीव्ही. ह्यांनी शुक्रवारी मला न विचारता आणला. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईच्या घरात दिवसभर दोन उघडे पुरुष एकमेकांची थोबाडं फोडतात आणि नवरा सोफ्यावरून ओरडतो, हाण, बरगडीत हाण! मी हिंसेच्या विरुद्ध आहे. तेव्हापासून हे माझ्याशी दोनदा बोलले. दोन्ही वेळा ‘बाजूला हो’ एवढंच. टीव्ही झाकला की आपोआप माझ्याशी बोलू लागतील. रविवारपर्यंत तो दिसेनासा करणार.

मंगळवार, ४.
मासिकातली आयडिया: टीव्हीसमोर पेंटिंग. समुद्राचं आणलं. खिळा मीच ठोकला. आधी अंगठा, मग खिळा. कॉन्व्हेंटमध्ये न शिकवलेला एक शब्द तोंडून गेला. संध्याकाळी समुद्र फ्रेमसकट ह्यांच्या पायावर. नख काळंनिळं. म्हणाले, अगं, नॉकआउट चुकला ना माझा! पायाबद्दल अवाक्षर नाही.

बुधवार, ५.
टीव्हीपुढे उंच कुंड्या. ह्यांनी मधल्या फांद्या कात्रीने छाटल्या. मग मीही कात्री घेतली. त्यांचा पायजमा आता हाफपँट आहे.

गुरुवार, ६.
सुतार बोलावला. टीव्हीवरून सरकणारं लाकडी दार, वर वॉलपेपर. मी म्हटलं, फाइव्ह अँड अ क्वार्टर. तो म्हणाला, मावशी, मराठीत सांगा. सांगितलं, पावणेपाच फूट. नक्की ना, म्हणाला. मी नुसतं पाहिलं. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही त्याची.

शनिवार, ८.
दार चार बोटं तोकडं! सुताराला फैलावर घेतलं, पाचावर पाव सांगितलं होतं ना? तो म्हणतो, पाचावर पाव म्हणजे सव्वापाच, मावशी. पावणे म्हणजे पाव उणे. मी टेप फेकून मारला. नेम चुकला. आमच्या सिस्टर्सनी पावकी-निमकी शिकवली नाही, हा माझा गुन्हा? हे पोट धरधरून हसले. म्हणाले, पावणे आले की घरातलं कमी होतं, एवढं ध्यानात ठेव. आठवड्यातलं सगळ्यात लांब वाक्य, तेही सुतारासमोर.
आता फटीतून बघतात. एकच बॉक्सर दिसतो. कुणाचे तरी ठोसे खातो नि पडतो. म्हणे, ह्यात जास्त मजा आहे.

रविवार, ९. सकाळी अकरा.
सुतार हातोडा विसरून गेलाय. दार सरकवलं. तीन घाव घातले. तिसऱ्याची गरज नव्हती. काच गालिचाभर, माझ्या कोपराला रक्त. हे ओरडले नाहीत. झाडू आणला, मग कापूस. डेकोर म्हणून भिंत आता निर्दोष आहे.

दुपारी चार.
समोरासमोर बसलो. शेवटी! लग्नापासूनचं सगळं सांगायला घेतलं. हे एकटक बघत होते. मी म्हटलं होतंच, टीव्हीचाच अडथळा होता. वीसेक मिनिटांनी म्हणाले, जरा आवाज कमी कर.
केला.