शेष शंभर टक्के जेवला

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
नोंदवहीचं पेन ज्या सुतळीने बांधलंय ती सुतळी एक वीत कमी आहे. गेले सात महिने याबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. पण सोसण्यालाही मर्यादा असते. पेन टेबलाच्या डाव्या पायाला, वही उजवीकडे, आणि नोंद करायची तर मी मधोमध मुजरा केल्यासारखा वाकलेला. सुतळी हिने बांधली. म्हणे पेनं माझ्या खिशातून धुण्यात जातात. पुरावा काय तर चार शर्ट.

हिने मागच्या अंगणात कुत्र्यांचं बोर्डिंग काढलं त्याला अकरा वर्षं झाली. लोक बाहेरगावी जातात, कुत्रं आमच्याकडे ठेवतात. आठ खोल्या. कामाला मावशी, पहिल्या दिवसापासून. मी ऑफिसातून मुदतीआधीच निवृत्त झालो आणि सात महिन्यांपूर्वी इथलं मॅनेजमेंट हाती घेतलं. हाती घेतलंय हे या दोघींना अजून कळवलेलं नाही.
निर्णय: केनेल मॅनेजमेंट सॉफ्टवेअर.

संध्याकाळी ७
हिला सांगितलं. आठ कुत्री मोजायला कॉम्प्युटर कशाला, असं म्हणाली. मी म्हटलं, आज आठ आहेत, उद्या ऐंशी असतील. ही म्हणाली, उद्या सहा असतील, दोघं घरी चाललेत. व्हिजन नाही.
तडजोड: पहिले चौदा दिवस सॉफ्टवेअर फुकट आहे. तेवढ्यात त्याचा उपयोग दाखवून द्यायचा. नाही जमलं तर वही.

५ मार्च, बुधवार
डेटा भरतोय. एका कुत्र्यामागे सेहेचाळीस रकाने. आवडता खेळ, झोपेची बाजू, नखं शेवटची कधी कापली, इतर पाहुण्यांशी वागणूक (पाचपैकी तारे द्या). सगळी माहिती मावशींच्या डोक्यात. मी विचारत होतो, त्या फरशी पुसता पुसता सांगत होत्या. एकविसाव्या रकान्याला त्यांनी हात थांबवला आणि विचारलं, "साहेब, याचं लग्न ठरवताय का कुठे?"
मी ऑफिसात होतो म्हणून त्या मला साहेब म्हणतात. तसा आदरच आहे. हिला ताई म्हणतात आणि ऐकतातही हिचंच.

६ मार्च, गुरुवार
गणिताच्या बाई शेषला घेऊन आल्या. शाळेतून निवृत्त, घरात दुसरं कोणी नाही. एका कुत्रीला पाच पिल्लं झाली, चार लोकांनी नेली, भागून उरला तो यांच्याकडे. म्हणून शेष. आता चौदा वर्षांचा आहे, हृदयाचा त्रास. गोळी दोनदा, आणि भरल्या पोटीच. उपाशी पोटी दिली तर उलटून पडते.

बाईंच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन आहे, दहा दिवस ऍडमिट. डॉक्टरांनी ताकीद दिलीय की नंतर डोळ्यांतून पाणी येता कामा नये. बाईंनी ते आम्हाला सूचनाफलक वाचावा तसं सांगितलं. मग आपला जुना, बाह्या विरलेला स्वेटर मावशींच्या हातात दिला आणि हिला म्हणाल्या, "मी परत येईपर्यंत हा जेवला पाहिजे. बाकी तुम्ही त्याला काही शिकवू नका."

स्वेटरचं कारण असं: इथे प्रत्येक कुत्र्याबरोबर मालकाचं एक अंगावरचं कापड येतं. न धुतलेलं. मावशी ते खोलीच्या दाराला, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर टांगतात. अकरा वर्षांचा रिवाज. सॉफ्टवेअरच्या सेहेचाळीस रकान्यांत याला रकाना नाही, यावरून त्याचं महत्त्व समजावं.

८ मार्च, शनिवार. दुपारी ४
सात कुत्री, दोन वेळचं जेवण, पाणी, फिरणं, गोळ्या. प्रत्येकाला टिक. टिक करता करता माझं मनगट धरलं. नंतर सेटिंगमध्ये 'ऑटो' सापडलं. आता सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला सगळ्यांच्या जेवणापुढे हिरवी खूण आपोआप येते.
रोजची पंचावन्न मिनिटं वाचली. ती कशी वापरावीत याचं वेळापत्रक केलं. पंचावन्न मिनिटं लागली.

९ मार्च, रविवार
मावशींची सुट्टी. ही बहिणीकडे. हाताशी पूर्ण दिवस आणि कोणाचा अडथळा नाही.
सॉफ्टवेअर म्हणतं, प्रत्येक खोलीचा फोटो टाका, ग्राहकांवर छाप पडते. काढून पाहिले. खोल्या स्वच्छ, पण दारादारावर मळकी लक्तरं. बनियन, पायमोजे, अर्धा टॉवेल, तो स्वेटर. छाप पडत होती, पण वेगळीच. सगळी मशीनमध्ये घातली. दोनदा धुतली. सुवासिक लिक्विड दोन झाकणं.
उन्हात वाळवून, इस्त्री करून, पुन्हा टांगली. फोटो अप्रतिम. या घरात पुढाकार घेणारं कोणीतरी आहे, हे उद्या दिसेलच.

१० मार्च, सोमवार. सकाळी ८.४०
दिसलं. मावशी फाटकातून आत आल्या, अंगणात उभ्या राहिल्या, हवेत नाक वर केलं आणि कपडे कोणी धुतले विचारलं. मी म्हटलं, मॅनेजमेंटने. त्यांनी सरळ आत जाऊन हिला बोलावून आणलं.
रात्रभर कुत्री रडत होती हे खरं. मी त्याला हवाबदल समजलो.

संध्याकाळी ६.३०
तरणी कुत्री भुकेला शरण गेली. शेष नाही. स्वेटर हुंगला, शिंकला, आणि भिंतीकडे तोंड करून बसला. गोळीही राहिली.
मी स्वेटर स्वतःच्या अंगात घालून त्याच्यासमोर बसून पाहिलं. मावशी म्हणाल्या, आता उरलासुरला वासही गेला.

११ मार्च, मंगळवार. सकाळी १०
घाबरण्याचं कारण नाही. साप्ताहिक अहवाल आला. रंगीत, आलेखासह. त्यानुसार शेष शंभर टक्के जेवला आहे. सातही कुत्र्यांत त्याच्यात सर्वाधिक सातत्य.
हिला दाखवला. हिने त्याची वाटी आणून लॅपटॉपशेजारी ठेवली. काठोकाठ भरलेली. वर एक माशी.

दुपारी १
जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. एक इंजेक्शन दिलं. म्हणाले, याने आज भागेल, उद्या संध्याकाळपर्यंत पोटात अन्न आणि अन्नावर गोळी गेलीच पाहिजे, या वयात हृदय थांबायला निमित्त लागत नाही.
सॉफ्टवेअरच्या हेल्पलाइनला फोन केला. पाहुणा जेवत नाही म्हटलं. पलीकडच्या माणसाने विचारलं, लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करून पाहिलंत का. वासासाठी रकाना आहे का विचारलं. सूचना वरिष्ठांकडे पाठवतो म्हणाला. माणूस सभ्य होता.
ही दिवसभर शेषच्या खोलीत जमिनीवर बसून आहे. जेवायला आली नाही. मीही नीटसा जेवलो नाही. म्हणजे, पोळी एक कमी खाल्ली.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ९
वाटी तशीच. हिरवी खूण आली. ऑटो बंद केलं.
ही म्हणाली, बाईंकडे जा आणि त्यांच्या अंगावरचं काहीतरी आणा. घरून आणलं असतं, पण घराची किल्ली त्यांच्याचपाशी. मी म्हटलं, त्यांना कळलं तर रडतील, डोळा जाईल. ही म्हणाली, म्हणूनच रडू येणार नाही असं सांगायचं, ऑफिसात तेवीस वर्षं तुम्ही दुसरं काय केलंत.
वाटेत रिक्षात भाषण तयार केलं. गुणवत्ता तपासणी, नवी प्रणाली, जादा नमुना. निर्दोष.

दुपारी १२.३०
बाई पालथ्या झोपलेल्या. डॉक्टरांचा तसाच हुकूम. चेहरा उशीत, त्यामुळे मी त्यांच्या पाठीशीच बोललो. गुणवत्ता तपासणीपर्यंत आलो होतो. उशीतून आवाज आला, "स्वेटर धुतलात ना?"
मी हातातल्या पिशवीची घडी घालू लागलो.
"कधीपासून जेवला नाही?"
परवापासून, म्हटलं. नंतर सगळंच सांगितलं. मशीन, दोन झाकणं, ऑटो, आलेख. मध्ये एकदा त्यांची पाठ हलली. पण त्या रडत नव्हत्या.
मग म्हणाल्या, "घरातलं सगळं मी धुऊन आले, आणि अंगावरचं सगळं हे लोक रोज बदलून नेतात. मी डोकं उचलते, उशीचा अभ्रा काढून घ्या. कालपासून त्यातच तोंड खुपसून आहे. घडी घालू नका, पिशवीत कोंबा, आणि जा. इथे उभे राहून काय करताय?"
मी माफी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी नर्सला हाक मारली.

संध्याकाळी ६.२०
मावशींनी अभ्रा माझ्या हातून चिमटीत घेतला आणि शेषपुढे ठेवला. त्याने हुंगला. मग त्यावर हनुवटी ठेवून पडून राहिला. आम्ही तिघं दाराबाहेर, कोणी हलत नव्हतं. अर्ध्या तासाने शेपटी एकदा जमिनीवर आपटली. मावशींच्या हातून पाव वाटी खाल्लं. मग आणखी पाव. मग गोळी.
ही तिथेच भिंतीला टेकली आणि पदराने तोंड पुसलं. मावशी मला म्हणाल्या, साहेब, आता लिहा तुमच्या मशीनमध्ये. लॅपटॉप आत होता. मी गेलो नाही.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ११
ट्रायल संपलं. स्क्रीनवर आलं, वर्षभरासाठी पुढे चालू ठेवायचं का. साधकबाधक विचार केला. सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण आमच्या केनेलची अजून तेवढी पातळी नाही. 'नको' दाबलं. त्याने कारण विचारलं, पर्याय चार. आमचं कारण त्यांत नव्हतं. हिने निकाल विचारलाच नाही, हा तिचा मोठेपणा. किंवा विसरली असेल.

बाई सकाळी शेषला न्यायला आल्या. डोळ्याला हिरवी पट्टी. माझ्याशी जेमतेम दोन शब्द बोलल्या, पण पुढच्या महिन्यातल्या तपासणीची तारीख मावशींना सांगून ठेवली. शेष अभ्रा सोडेना. ओढला तर गुरगुरला, चौदा वर्षांत प्रथमच. बाई म्हणाल्या, असू दे. तो तोंडात घेऊनच रिक्षात बसला.

दुपारी ४
कपाटातून आपला एक अभ्रा काढला. ही समोरच होती, तिने पेपर उलटला. तो पिशवीत घालून हॉस्पिटलच्या वॉर्डात गेलो. सिस्टरने उलगडून पाहिला. म्हणाली, हा आमचा नाही, आमचे पांढरे असतात, यावर फुलं आहेत. मी म्हटलं, हो. आमचा कुठे आहे, तिने विचारलं. मी म्हटलं, एका पेशंटच्या कुत्र्याकडे, आणि तो द्यायला तयार नाही.
तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेवरच्या उघड्या उशीला तो चढवला, दोन थापट्या मारून सारखा केला, आणि पुढच्या खाटेकडे वळली.
मी चालत घरी आलो.