उभं की आडवं

७ ऑक्टो.
आठ वावरं, आठ दिवस. प्रत्येक वावरात बोंडअळीचा सापळा, त्यातले पतंग रोज सकाळी मोजायचे. आकडे मी संगणकावर पायथन भाषेत भरते. फवारायचं की नाही, ते कॉलेजच्या सरांचा फोरट्रान या जुन्या भाषेतला प्रोग्राम ठरवतो. दोघांची गाठ घालून दिली एकदाची! बेरीज जुळली. मेसेज गेले: बाबांचं वावर (नं. ८) फवारा, शेजारच्या सुमनकाकूंचं (नं. १) नको.

१४ ऑक्टो.
पुन्हा तेच. पंप पाठीवर घेता घेता बाबा चिडले, "काऊन वं, दरवेळी आपलंच वावर कसं सापडते तुह्या मशीनले? माह्या सापळ्यात चार पतंग बी नाई!"
म्हटलं, बाबा, मशीनला कळतं. केवढ्या ताठ्यात म्हटलं.

१६ ऑक्टो.
बाबांचं बोलणं डोक्यातून जाईना. आज आकडे हाताने ताडून पाहिले. हात्तिच्या! पायथन मेमरीत आकडे आडवे मांडतो, एका वावराचे आठ दिवस सलग; फोरट्रान ते उभे उचलतो. म्हणजे नं. १ च्या नावावर सगळ्या वावरांचा पहिला दिवस, नं. ८ च्या नावावर आठवा. पतंग रोज वाढताहेत, म्हणून बाबा कायम धोक्यात, काकू कायम सुखात.

नऊ दिवस असते तर ओळी-रकाने जुळले नसते, गडबड तेव्हाच दिसली असती. आठाला आठ, म्हणून चौफुलीच्या, दोन्हीकडून सारख्या अंतरावर लावलेल्या कपाशीसारखं झालं. तण काढायचा डवरा उभा घाला की आडवा, कुठे अडतच नाही. चौफुलीच्या वावरात जन्म गेला माझा, आणि मलाच दिसू नये?
काकूंचे खरे आकडे पाहिले. दोन्ही वेळा फवारायला हवं होतं.

१७ ऑक्टो.
एका ओळीत दुरुस्ती झाली. हे मेसेज ज्यांच्या ऑफिसातून जातात ते साहेब फोनवर, "पुढचा मेसेज बरोबर जाईल ना? मग मागचं कशाला उकरतेस?"
हो म्हटलं. स्वतःची लाज वाटली.

१८ ऑक्टो.
राहवेना. सकाळीच काकूंच्या वावरात गेले. सगळं सांगितलं. चूक माझी, तुमचे आकडे दुसऱ्यांच्या नावावर गेले.
काकूंनी एक बोंड फोडलं. आत गुलाबी अळी. दुसरं फोडलं, त्यातही.
"दोनदा फवारणी थांबवली म्या. तू सांगतलं म्हणून."
शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
"मंग आता सांग. फवारू का नाई?"
प्रोग्राम आता म्हणतो, फवारा. पण बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोचतं का, हे त्याला कोणी विचारलेलंच नाही. मला माहीत नाही, काकू, असं म्हटलं. पहिल्यांदाच.
"मंग बोलाव तुह्या बापाले."
बाबा आले, कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात उतरले. दोघं बोंडं फोडत पुढे, मी मोबाइल घेऊन मागे. वीस बोंडांत अकरा किडकी.
"लिहून घे," काकू म्हणाल्या, "पण या खेपी माह्याच नावावर लिहजो."
लिहिलं. फवारायचं का, ते अजून ठरलं नाही.